पाण्याचा वास

अनादि नस्करने ओंजळीत पाणी घेतले, नाकाशी नेले, जिभेला लावले आणि थुंकून टाकले. बांधावरची माणसे त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो मात्र बघत होता बायकांच्या रांगेकडे. कंबरभर पाण्यात उभ्या राहून बायका जलपर्णी ओढून काठावर फेकत होत्या. रांगेच्या टोकाला त्याची बायको चारुबाला होती. तिने पदर डोक्यावरून घेतला होता.

"काय म्हणतंय पाणी, जेठू?" पाण्याच्या दारापाशी उभ्या असलेल्या भूतनाथने विचारले. अनादिला तो जेठू, म्हणजे मोठा काका, म्हणायचा.

"आज नको," अनादि म्हणाला. "त्याचं पोट भरलंय. फळ्या टाक."

भूतनाथने दाराच्या खाचेत फळ्या सोडल्या. नाल्यातून भेरीत, म्हणजे आमच्या मासे वाढवायच्या तलावात, येणारा काळा ओघ बारीक होत होत थांबला.

"ऊन नाही, पाऊस नाही, आणि डोक्यावर पदर?" रांगेतली सरजू चारुबालाला म्हणाली. "नवी नवरी झालीस की काय ग या वयात?"

"नवरा बघतोय ना बांधावरून," पलीकडची म्हणाली. "बघ, बघ, मान खाली घातली त्यानं!"

बायका हसल्या. चारुबालाही हसली. आपले हसणे त्यांच्याहून थोडे जास्तच लांबले हे तिच्या लक्षात आले आणि तिने चटकन जलपर्णीचा एक मोठा गड्डा ओढून तोंडासमोर धरला.

पदर डोक्यावर म्हणजे दार बंद. पदर कमरेला म्हणजे दार उघड. ही खूण त्या दोघांशिवाय कोणालाही ठाऊक नव्हती.

गेल्या वर्षी अनादिला ताप आला होता. ताप गेला, पण जाताना नाक आणि जीभ घेऊन गेला. त्याने हे बायकोला सांगितले नाही. तिला ते मिठामुळे कळले. एके दिवशी घाईत ती कालवणात मीठ घालायला विसरली. पहिला घास तोंडात जाताच मिठाचा डबा आणायला उठली, आणि येऊन बघते तर अनादि ताट संपवून हात धूत होता. लग्नाच्या पहिल्या महिन्यात मीठ कमी पडले म्हणून ज्याने वाडगा अंगणात भिरकावला होता, तोच हा माणूस. दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम चुलीवरचे दूध करपू दिले. तो तिथेच दारात विडी ओढत बसला होता. धूर डोळ्यांना झोंबला तेव्हा म्हणाला, "काही जळतंय का ग?"

मग ती त्याच्यासमोर जाऊन बसली. त्याने तिच्याकडे बघितले आणि तो म्हणाला, "कोणाला सांगू नकोस, चारू. परत येतं म्हणतात."

ते परत आले नाही.

शहरातल्या घरांचे पाणी नाल्याने आमच्याकडे येते. आंघोळीचे, भांड्यांचे, कपड्यांचे, लाद्या पुसल्याचे, आणखीही कशाकशाचे. ते थोडे थोडे भेरीत घ्यायचे. उथळ पाण्यावर ऊन पडले की त्यात हिरवे धरते. एकेकटे डोळ्याला दिसणार नाही इतके बारीक शेवाळ, पण सगळे मिळून तलावभर. ते घाण खाते, पाण्यात हवा सोडते आणि मासे त्याला खातात. शहराने टाकलेल्या पाण्यावर शहरालाच मासे खाऊ घालायचे, असा हा आमचा पिढ्यांचा धंदा. सगळा भरवसा उन्हाचा. ढग धरले, वारा पडला की हिरवे हवा सोडायचे थांबते, आणि मासे नि हिरवे दोघे एकाच हवेवर श्वास घेऊ लागतात. अशा दिवशी नाल्याचे पाणी जास्त घेतले तर हिरवे तळापासून मरत येते. वरून पाणी तसेच सुंदर दिसते. रंग बदलतो तो दुसऱ्या दिवशी, मासे पोट वर करून तरंगायला लागल्यावर. वास मात्र आधी येतो. फार बारीक येतो, आणि नाल्याच्या घाणीत तो वेगळा ओळखायला जन्म जातो.

अनादिचा जन्म त्यातच गेला होता. दुर्गापूजेच्या दिवसांत पाणी हुंगून तो म्हणायचा, "आज शहरात घरोघरी मैद्याच्या लुच्या तळल्या." हिलसा माशाच्या मोसमात म्हणायचा, "मोहरीचं तेल महागलंय वाटतं. पाण्याला वासच नाही." माणसे हसत, आणि दार तो म्हणेल तेवढेच उघडत. तापानंतरही तो हे विनोद करत राहिला. फक्त आता ते चारुबाला त्याला आदल्या रात्री सांगून ठेवी.

ती लग्न होऊन आली तेव्हापासून याच पाण्यात उभी होती. जलपर्णी ओढता ओढता हा वास तिच्या नाकात कधी बसला, तिला सांगता आले नसते. कोणी विचारलेही नव्हते. पाणी चाखायचे काम पुरुषाचे, आणि तेही एकाच पुरुषाचे.

पलीकडच्या भेरीत मागच्या भाद्रपदात एका सकाळी सगळे मासे मेले. त्यांची समिती मोडली, जमिनीच्या मालकाने भाडेपट्टा काढून घेतला. आता तिथे पाडलेल्या इमारतींचा राडारोडा घेऊन ट्रक येतात. ट्रक ओतला जातो तेव्हा आमच्या वस्तीत भांडी थरथरतात. चारुबाला तो आवाज आला की हातातले काम थांबवायची.

पुन्हा भाद्रपद आला होता. ताड पिकायचा उकाडा, आभाळ राखेसारखे, नारळाची झावळी हलत नव्हती. पदर डोक्यावर घेतला त्याच दुपारी चारुबालाच्या भावाचा फोन आला. तो सुंदरबनाच्या तोंडाशी राहायचा.

"दिदी, आई गेली," तो म्हणाला. "आता घाटावर नेतोय. तू येईपर्यंत थांबता यायचं नाही. हवा अशी आहे."

चारुबाला खाली बसली. आईचा चेहरा डोळ्यांपुढे यायला हवा होता. त्याआधी मनात आले, उद्या पाणी कोण हुंगणार? मग तिला आपलीच भीती वाटली आणि ती मोठ्याने रडू लागली.

लग्न झालेल्या लेकीला आईबापाचे सुतक तीन रात्रींचे. चौथ्या दिवशी तिने आपल्या घरी श्राद्ध करायचे. आणि आमच्या भेरीवरचा नियम असा, की सुतकातल्या माणसाने भेरीच्या पाण्याला पाय लावायचा नाही. गंगामातेला ते चालत नाही. सुतक धरले नाही म्हणून कोणाकोणाची भेरी बुडाली, याच्या गोष्टी लहानपणापासून प्रत्येकाने ऐकलेल्या असतात. जावयाला ते सुतक नाही. अनादिला कामावर जायचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जेवणाच्या डब्यात भेरीचे पाणी घेऊन घरी आला. डबा त्याने उंबरठ्यावर ठेवला. चारुबालाने हात न लावता त्यावर तोंड वाकवले. तिचे केस मोकळे होते, अंगाला तेल नव्हते. पाण्यात एक जड, झोपलेला वास होता.

"नको. आजही नको," ती म्हणाली. "ऊन पडू दे आधी."

"खगेन ओरडेल."

"ओरडू दे."

खगेन गायेन म्हणजे आमच्या भेरीच्या समितीचा सेक्रेटरी. तो ओरडला नाही, पण बांधावर सगळ्यांसमोर म्हणाला, "अनादिदा, पूजा तोंडावर आली. दार बंद ठेवून रुई मासे काय हवा खाऊन वाढणार? वर्षातून एकदा भाव मिळतो, तेव्हा आपण मासे उपाशी ठेवायचे?"

"उद्या बघू," अनादि म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तो सकाळच्या चहाच्या वेळेला घरी आला तेव्हा हातात डबा नव्हता. चारुबाला अंगणात तीन विटांवर आपला एकवेळचा सुतकाचा भात शिजवत होती.

"पाणी?" तिने विचारले.

"नाही आणलं."

"का?"

"भूतनाथनं बघितलं डबा भरताना. म्हणाला, 'काय जेठू, जेठीमाला माहेरच्यासारखं खारं पाणी पाजता की काय?' सगळे हसले. मी ओतून टाकलं. म्हटलं, डबा धुतोय."

"मग दार?"

त्याने विडी काढली, पेटवली नाही.

"अहो, दाराचं काय केलंत?"

"उघडलं."

"किती?"

"निम्म्या फळ्या काढल्या."

चारुबालाच्या हातातली पळी भातातच राहिली. "काय बघून उघडलंत?"

"रंग चांगला होता. केळीच्या कोवळ्या पानासारखा."

"रंग! रंगाचं मला सांगता?"

"मग काय बघून नको म्हणू?" तो एकदम ओरडला, आणि शेजारच्या कुडाकडे बघून आवाज खाली आणला. "खगेन पुढ्यात उभा. भूतनाथ उभा. ओंजळ नाकाशी नेली तर नुसती ओली हवा. तुझी जागा रिकामी. किती दिवस नको नको म्हणायचं? एक दिवस कोणीतरी विचारील ना, काका, वास कसा आहे ते सांगा. मी काय सांगू?"

"जाऊन बंद करा. आत्ता."

"कारण काय देऊ?"

तिने त्या दिवशीचे पाणी हुंगले नव्हते. कदाचित ते चांगलेही असेल. तो उभा राहिला आणि निघून गेला. विडी उंबरठ्यावरच विसरला.

ती भात खाऊ शकली नाही. आईसाठी एक घास केळीच्या पानावर काढून ठेवायचा असतो तेवढा ठेवला आणि अंगणात बसून राहिली. कावळा आला, घासाकडे बघून उडाला. आईला काय हवे होते कोण जाणे. चारुबालाने मनात म्हटले, आई, मला तुझ्यासाठी रडू दे, पाण्याचं भय जरा काढून घे. पण भय गेले नाही.

भेरीकडे बगळे जात होते. एक गेला, मग तीन-चार, मग थव्याने. मासे गुदमरून वर आले की बगळे काठाला जमतात हे तिला माहीत होते, पण बगळे रोजच जमतात असे तिने स्वतःला सांगितले. पलीकडे ट्रक ओतला गेला. घरातल्या ताटल्या हलल्या.

दुपार कलली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा वारा आला. जोराचा नव्हता. अंगणातल्या वाळत घातलेल्या गमछाचे एक टोक उचलले आणि पुन्हा पडले, एवढाच. पण तो भेरीकडून आला होता.

चारुबाला उठून उभी राहिली.

नाल्याचा वास होताच, तो रोजचा. त्याच्या खाली दुसरा होता. ओल्या काडेपेटीसारखा, आणि त्यात कुजलेल्या कोबीच्या देठासारखा गोडसर. तिने डोळे मिटून पुन्हा श्वास घेतला. आपल्याला भास होत असावा अशी तिला फार इच्छा होती. तिसऱ्या श्वासाला तिने चुलीवरचे भांडे झाकले नाही, दार लोटले नाही, तशीच धावत सुटली.

वाटेत तिला सगळे दिसत होते. आपण बांधावर गेलो की काय होईल, तेही दिसत होते. मासे मेले तर लोक म्हणतील, सुतकात आली म्हणून मेले. आणि ती गेली नाही तर मरतीलच. धावताना तिला एकदा वाटले, वळावे, घरी जावे, रात्र होऊ द्यावी. कोणाला काय कळणार आहे? मग पलीकडे मातीच्या ढिगावर उभा असलेला पिवळा ट्रक दिसला आणि पाय थांबले नाहीत.

बांधावर माणसे जाळे दुरुस्त करत बसली होती. मोकळ्या केसांची, अनवाणी बाई धावत येताना बघून ती उठली.

"बौदी?" वहिनीला हाक मारत खगेन पुढे आला. "हे काय, तुम्ही इथं? सुतक फिटलं?"

"दार लावा," तिला धाप लागली होती. "पाणी बंद करा. तळ मरतोय."

"काय बोलता? सकाळीच तर अनादिदांनी चाखलं!"

सगळ्यांनी अनादिकडे बघितले. तो दाराच्या कठड्यावर उभा होता. चारुबालाने त्याच्याकडे बघितले नाही. बघितले असते तर तो काहीतरी बोलला असता, आणि त्याने बोलू नये असे तिला वाटत होते.

पण तो बोलला. "घरी जा, चारू. पाणी ठीक आहे."

"ठीक नाही."

"मी चाखलंय."

तो हे सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलला.

"जेठीमा, पाण्यापासून लांब राहा हं," भूतनाथ म्हणाला. "आधीच हवा वाईट आहे. गंगामाईला आणखी..."

त्याचे वाक्य पुरे व्हायच्या आत ती उतरली होती. दारापाशी काठ सरळ खाली जातो. ती मांडीपर्यंत पाण्यात गेली, काठाला रचलेली एक फळी ओढली आणि खाचेत बसवायला लागली. फळी भिजून जड झाली होती. मागून कोणीतरी ओरडले, कोणीतरी "अरे देवा" म्हणाले. कोणी तिला हात लावेना. सुतकातल्या बाईला धरून ओढायचे तर आपणही विटाळणार.

मग तिच्या पायांशी काहीतरी टोचू लागले. जलपर्णीच्या मुळांवर बारीक कोळंबी चढत होती. शेकड्यांनी. पाण्यातून वर येऊन पानांवर, तिच्या साडीवर, फळीवर. पाण्यात श्वास मिळेनासा झाला की सगळ्यात आधी कोळंबी बाहेर पडते. हे बांधावरच्या प्रत्येकाला माहीत होते.

अनादिने कठड्यावरून खाली उडी टाकली आणि फळीचे दुसरे टोक धरले.

त्यानंतर कोणी सुतकाचे बोलले नाही. नावा काढल्या, गोल गोल वल्हवू लागले. बायका आल्या, मुले आली, बांबू घेऊन पाणी झोडपू लागली, म्हणजे त्यात हवा जाईल. पंप लावून पाणी वर उडवले. अंधार पडला तरी कोणी घरी गेले नाही. मासे वर येऊन तोंडे उघडत होते. गोल, मऊ, पांढरी तोंडे. त्यांचा चुकचुक असा आवाज सगळ्या भेरीभर येत होता. सरजू चारुबालाच्या शेजारी पाणी मारत होती. मध्येच ती म्हणाली, "तुला कसं कळलं ग?" चारुबाला म्हणाली, "मार. बोलू नकोस."

उजाडले तेव्हा निम्मी भेरी पांढरी होती. रुई, कातला हे मोठे मासे गेले होते. उरलेले मासे दूरच्या कोपऱ्यात, नावांनी पाणी ढवळले होते तिथे, अजून हलत होते.

समितीच्या पत्र्याच्या शेडखाली सगळे जमले. चिखलाने माखलेले, डोळे लाल. खगेन खुर्चीवर बसला नाही, उभाच राहिला. तो वाईट माणूस नव्हता. त्याचा आवाज घोगरा झाला होता.

"निम्मे उरलेत," तो म्हणाला. "पूजेपर्यंत धडपड करू. पण मालकाचा माणूस दुपारी येईल आणि विचारील, काय झालं? आपल्यात फाटाफूट दिसली तर पट्टा गेला. एकच सांगायचं सगळ्यांनी. काल सकाळपर्यंत पाणी चांगलं होतं, अनादिदांनी चाखलं होतं. नंतर सुतकाचं पाऊल पडलं. आपल्या माणसांना ते पटेल, मालकही देवभोळा आहे." मग तो चारुबालाकडे वळला. "बौदी, राग मानू नका. तुम्ही दार लावलंत म्हणून निम्मे वाचले हेही मला दिसतंय. पण नियम मोडला हेही खरं. गंगामातेची पूजा घाला, आणि वर्षभर भेरीत उतरू नका. अनादिदांकडे दार राहीलच."

माणसे माना हलवू लागली. कोणालाच यात दुष्टपणा वाटला नाही. चारुबालालाही वाटला नाही. तिला उलट सुटल्यासारखे वाटले. म्हणजे अनादिचे त्यांना कळले नाही. वर्षभर ती घरी बसेल, गोवऱ्या थापेल. पाणी तो रोज घरी आणील. काहीतरी करता येईल.

"चालेल," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

"मला वास येत नाही," अनादि म्हणाला.

तो मागे खांबाला टेकून बसला होता. पहिल्यांदा कोणाला नीट ऐकू गेले नाही.

"काय म्हणालात, दादा?"

"वास येत नाही मला. चवही नाही. गेल्या वर्षीच्या तापापासून. तुम्ही ताटात चिखल वाढलात तरी भात म्हणून खाईन."

कोणीतरी हसले आणि मध्येच थांबले.

"चूप बसा," चारुबाला पुटपुटली. "अहो, चूप बसा ना."

"मग वर्षभर दार?" भूतनाथने विचारले. "आम्हाला रोज सांगत होता ते?"

"हिनं. पदर डोक्यावर असला की बंद. कमरेला असला की उघड." अनादिने तळहात मांडीवर पुसले. "मी नुसता थुंकायचो. काल ही नव्हती, तर मी रंग बघून उघडलं. पाणी माझ्या हातानं मेलंय. हिच्या पायानं नाही."

सरजूने तोंडावर हात ठेवला. तिला सगळे पदर आठवत असावेत.

खगेन खुर्चीवर बसला. मग म्हणाला, "दादा, सांगायचं होतंत."

"भीती वाटली," अनादि म्हणाला.

एकेक जण उठून मेलेले मासे गोळा करायला गेला. मालकाच्या माणसाला खगेनने काय सांगितले ते कोणालाच कळले नाही. पट्टा त्या वेळेपुरता राहिला. त्याच दुपारी चारुबालाने नाल्याच्या वरच्या अंगाला, हापशाच्या पाण्याने आंघोळ करून आईचे श्राद्ध केले. भटजीने मंत्र सांगितले ते तिने मागून म्हटले. तेव्हा कुठे तिला आईचा चेहरा दिसला, आणि ती नीट रडली.

दुसऱ्या दिवशी ऊन पडले. बायका पाण्यात उतरल्या. चारुबाला बांधावर थांबली होती, कोणी काही म्हणते का बघत. सरजूने बाजूला सरकून तिला जागा केली, तेव्हा ती उतरली.

भूतनाथ काठाकाठाने चालत आला. त्याने ओंजळीत पाणी धरले होते. बरेचसे वाटेत सांडून गेले होते. तो तिच्यापाशी वाकला आणि इकडेतिकडे बघत, लाजल्यासारखा, हात पुढे करून उभा राहिला. चारुबालाने मान पुढे केली. बायका काम थांबवून बघत होत्या.

"अजून नको," ती म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. वर्षभर ती हे न बोलता सांगत आली होती. "पण वास सुधारलाय. दोन उन्हं लागू दे."

"बरं, जेठीमा."

तेवढ्यात अनादि बांधावर आला. रोजच्या वेळी, रोजच्यासारखा लुंगी वर खोचून. येऊ नये असे त्याला कोणी म्हटले नव्हते आणि येऊन काय करावे हेही कोणी सांगितले नव्हते. तो दाराशी येऊन आपल्या जागेवर उभा राहिला. माणसांनी त्याला वाट दिली. कोणी थट्टा केली नाही. कोणी पाण्याचेही विचारले नाही. "बरं आहे ना, काका?" एक जण म्हणाला. दुसऱ्याने विचारले, "चहा झाला?"

भूतनाथ परत गेला, शेडमधून खगेनची खुर्ची घेऊन आला. तिचा एक पाय सुतळीने बांधलेला होता. ती त्याने कठड्याशेजारी टेकवली, हलते का बघितले, खांद्यावरच्या गमछाने पुसली.

"बसा, जेठू," तो म्हणाला. "उभं राहून पाय दुखतात तुमचे."

इतक्या वर्षांत अनादि त्या दाराशी कधी बसला नव्हता. त्याने खुर्चीकडे बघितले, मग भूतनाथकडे. भूतनाथ अजून तिचा पाठीचा भाग धरून उभा होता.

अनादि सावकाश बसला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. थोड्या वेळाने त्याने ते गुडघ्यांवर ठेवले.